मॅमथचा गणपती होऊ नये म्हणून: 'आइस एज'चे मुखवटे करताना या चुका टाळा

चवथीच्या कार्यक्रमात आमच्या वाड्यावरच्या पोरांनी 'आइस एज' या अॅनिमेशन सिनेमांतल्या प्राण्यांचा एक छोटा प्रवेश बसवला होता. मॅनी, म्हणजे त्यातला केसाळ मॅमथ, मंचावर आला आणि पहिल्या रांगेतल्या एका आजींनी हात जोडले. मागून कुणीतरी 'मोरया' म्हणालं. पुढचे संवाद कुणाच्या कानावर पडले असतील तर देव जाणे. मुखवटा मीच केला होता.

नरकासुराचे पुतळे करणाऱ्या हाताला वाटतं, सोंड नि सुळे म्हणजे काय मोठंसं! बांबूच्या कांबी, रद्दी, मैद्याची खळ, झालं. पण मागच्या रांगेतला माणूस डोळे-नाक बघत नाही, त्याला फक्त आकार दिसतो. आणि चवथीच्या दिवसांत सोंड दिसली की गोंयकाराच्या डोळ्यांपुढे एकच नाव येतं.

मॅनीला सुपाएवढे कान

माझी मुख्य चूक हीच. शूर्पकर्ण असतो तो गणपती. मॅनी आहे लोकरी मॅमथ, त्याचे कान लहान. मोठ्या कानांतून अंगातली ऊब निघून जाते. आफ्रिकेतल्या हत्तीला उन्हात ते हवंच असतं, बर्फातल्या प्राण्याला परवडत नाही. हे पोरांना सांगितलं की कान तीच छोटे कापतात.

डोकंही हत्तीसारखं करू नका. मॅमथचं डोकं घुमटासारखं उंच, मग मानेशी खाच, खांद्यावर उंचवटा आणि तिथून शेपटीकडे उतरती पाठ. उंचवट्यासाठी पोराच्या पाठीवर अंगरख्याच्या आत छोटी उशी बांधली तरी काम होतं. सुळे खाली उतरून बाहेर जातात, मग वर चढतात आणि टोकं आत वळतात. खऱ्या मॅमथचे 4 मीटरच्या आसपास लांबीचे सुळेही सापडले आहेत. आपण हातभर केले तरी पुरे, पण बाक सोडायचा नाही. थर्मोकोलचे करू नका, माझा एक दुसऱ्याच तालमीत मोडला. ओल्या बांबूची कांब वाकवून बांधून ठेवा, सुकली की वर कागद चढवा.

केसांना आपल्याकडे काथ्यासारखी वस्तू नाही. रंगवायचाही नाही, त्याचा मूळ तपकिरी रंगच बरोबर बसतो. मात्र मानेला टोचतो. आत जुन्या साडीचं सुती अस्तर लावलं नाही तर मॅनी सगळा प्रवेशभर मान खाजवतो. आणि काथ्या पटकन पेटतो, म्हणून समईच्या बाजूने एंट्री ठेवू नका.

सिड म्हणजे अस्वल नव्हे

इंग्रजीत आपल्या अस्वलाच्या नावातही 'स्लॉथ' येतं, त्यावरून हा घोटाळा होतो. म्हादईच्या रानात असतं ते अस्वल. सिड हा जमिनीवरचा स्लॉथ, त्याचं नातं मुंगीखाऊ आणि आर्माडिलोशी. काळा झगा आणि पांढरी छाती दिलीत की संपलंच. त्याला पिवळट अंग, लांब मान, दोन बाजूंना फेकलेले डोळे आणि पुढे आलेले दोन दात द्या. गंमत अशी की खऱ्या स्लॉथला पुढचे दात नसतातच. ती सिनेमावाल्यांची करामत, पण मुखवट्यात तीच ठेवायची, कारण सिड ओळखू येतो तो तिच्यामुळेच.

डिएगोला पट्टे ओढून वाघ करू नका, आयाळ तर नकोच. डिएगो आहे स्मायलोडॉन, लांब सुळ्यांचा, आणि तो वाघाचा आजोबा नव्हे. मांजरकुळातली ती वेगळीच शाखा, अमेरिकेत वाढलेली आणि तिथेच संपलेली. शेपूट आखूड, खांदे भरदार. त्याचे सुळे मी करवंटीचे केले, दगडावर घासून. टोकं बोथट करा, शेजारी सिड उभा असतो.

स्क्रॅट ही सिनेमातली लांब सुळ्यांची खार, तिला आमच्या एका मुलीने शेकरूचा तांबडा रंग दिला. मोलेच्या रानात पाहिलेली खार तीच, तिचं काय चुकलं? पण स्क्रॅट राखाडी-तपकिरी, लांब नाकाचा, आणि मुळात काल्पनिक. पुढे 2011 मध्ये अर्जेंटिनातल्या क्रोनोपिओ नावाच्या जीवाश्माचं वर्णन छापून आलं, तेव्हा लांब नाक नि लांब सुळे बघून सगळ्यांना स्क्रॅटच आठवला. तो प्राणी खार नव्हता, डायनोसॉरच्या काळातला होता.

स्क्रॅट ज्याच्यामागे धावतो ते ओकचं फळ इथे कुठून आणणार? देठाच्या टोपीसकट सुपारी घ्या, हुबेहूब दिसते. पण मंचावरून दिसत नाही. सोललेल्या नारळावर करवंटीची टोपी चिकटवून तिला सुंभ गुंडाळा. नारळ हातातून सुटला तर पायावर पडतो, म्हणून पोकळ घ्या.

क्रॅश आणि एडी उंदीर नाहीत, ऑपॉसम आहेत. कांगारूसारखे पिशवीवाले.

निवेदकालाही एक सांगा. 'त्या काळी मॅमथ आणि डायनोसॉर एकत्र राहत' असं 2009 चा तिसरा भाग बघून हमखास लिहिलं जातं. सिनेमातसुद्धा डायनोसॉर बर्फाखालच्या वेगळ्या जगात दाखवलेत. प्रत्यक्षात पक्षी सोडले तर डायनोसॉर 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच संपले. उलट रशियाच्या उत्तरेकडच्या रँगेल बेटावरचे शेवटचे मॅमथ साधारण 4,000 वर्षांपूर्वीपर्यंत होते, म्हणजे गिझाचे पिरॅमिड उभे होते तेव्हाही.

मुखवटा सुकतच नाही

भाद्रपदातल्या हवेत हे होणारच. घाईत खळीचे चार थर एकदम चढवले की वरून कडक, आतून ओला. तिसऱ्या दिवशी आंबूस वास, पाचव्या दिवशी पांढरी बुरशी. खळ पातळ करा, कागद कापू नका, फाडा, म्हणजे कडा नीट बसतात. दिवसाला एकच थर, रात्रभर पंख्याखाली. साच्यावरून काढल्यावर उलटा करून आतूनही सुकवा. चुलीजवळ नेलात तर पिळवटतो. ऑइल पेंट या हवेत चिकटच राहतो, त्यापेक्षा पोस्टर कलर बरा.

दिसण्यासाठी भोकं प्राण्याच्या डोळ्यांशी पाडू नका, पोराच्या डोळ्यांशी पाडा. मॅनीच्या बाबतीत ती सोंडेच्या मुळाशी येतात. तिथे काळ्या मच्छरदाणीचा तुकडा लावला की बाहेरून कळत नाही.

कार्यक्रम झाल्यावर मुखवटे तसेच माळ्यावर टाकू नका. खळ म्हणजे उंदरांना मेजवानी. आमचा पहिला डिएगो असाच गेला. दात तेवढे उरले, करवंटीचे होते म्हणून.