अफाट यशस्वी उद्योजकांवर रिसर्च करायचाय? आधी बाकीच्यांचा डेटा जमवा

पीएचडी किंवा एमबीएच्या प्रोजेक्टसाठी 'काही कंपन्या इतक्या प्रचंड का वाढतात' हा विषय घेतलेले बरेच जण मला विचारतात की सुरुवात कुठून करू, आणि तोवर त्यांनी दहा-बारा नामांकित संस्थापकांची यादी करून मुलाखतीचे प्रश्न पण लिहून ठेवलेले असतात. ती यादी आधी बाजूला ठेवा. विषय खूप चांगलाय, मला स्वतःला मनापासून आवडतो, पण त्या यादीपासून सुरुवात केली की पुढची सगळी मेहनत वाया जाते, आणि का ते सांगतो.

पहिलं काम, जेवढ्या कंपन्यांचा डेटा मिळतोय तेवढ्या सगळ्यांचा ग्राफ काढा. आपल्या डोक्यात तो घंटेच्या आकाराचा कर्व्ह पक्का बसलेला असतो, म्हणजे बहुतेक जण मधे आणि टोकाला अगदी मोजके. ओ'बॉयल आणि आगिनिस यांनी 2012 मधे 198 नमुने, मिळून 6,33,263 लोक (संशोधक, कलाकार, राजकारणी, खेळाडू) तपासले आणि कामगिरीला तो कर्व्ह बहुतेक ठिकाणी बसलाच नाही. नव्या कंपन्यांवर क्रॉफर्ड आणि सहकाऱ्यांनी 2015 मधे असंच काम केलं, तिथे 49 पैकी 48 व्हेरिएबल्समधे लांब शेपटाचं वितरण निघालं. म्हणजे थोड्या कंपन्या ढीगभर कमावतात आणि बाकीच्या तळाशी दाटीवाटीने असतात, मग सरासरीला फारसा अर्थ उरत नाही, एक मोठी कंपनी सँपलमधे आली की सरासरी कुठच्या कुठे जाते.

म्हणून तीन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) पलीकडचे आकडे उडवून टाकायची सवय इथे सोडा. मी पण सुरुवातीला तेच करायचो आणि ज्यांचा अभ्यास करायचा होता तेच लोक डेटातून गेले होते! आकडा विचित्र दिसला तर आधी बघा टाइप करताना एखादा शून्य जास्त पडलाय का, चूक असेल तर दुरुस्त करा, खरा असेल तर ठेवा, आणि निकाल त्याच्यासकट आणि त्याच्याशिवाय दोन्ही द्या. हे उघडपणे लिहिणं गरजेचंय कारण प्रत्येकाची पद्धत वेगळी असते, 2013 च्या एका आढाव्यात आउटलायरच्या (बाकीच्यांपासून फार लांब पडलेल्या आकड्याच्या) 14 व्याख्या, ओळखायच्या 39 पद्धती आणि हाताळायच्या 20 तऱ्हा सापडल्या होत्या.

लॉग-लॉग ग्राफवर (दोन्ही अक्षांवर दर पायरीला आकडा दहापट होतो असा ग्राफ) सरळ रेष दिसली म्हणून लगेच 'पॉवर लॉ', म्हणजे लांब शेपटाच्या वितरणाचा एक ठरावीक प्रकार, म्हणू नका. लॉगनॉर्मल (आकड्यांचे लॉग घेतले की घंटेचा कर्व्ह देणारं वितरण) पण तसंच दिसतं, दोन्ही आपल्या डेटावर बसवून तुलना करा, आर आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषांमधे तयार पॅकेज आहेत.

आता नशीब. याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. समजा 10,000 कंपन्या आहेत, सगळ्यांची कुवत अगदी सारखी, आणि दरवर्षी नाणं उडवून ठरतं की वर्ष चांगलं गेलं की वाईट. दहा वर्षांनी साधारण दहा कंपन्या अशा निघतील की ज्यांची दहाच्या दहा वर्षं चांगली गेली. त्यांच्या संस्थापकांना भेटलात तर प्रत्येकाकडे शिस्तीची आणि दूरदृष्टीची गोष्ट असणार आणि ती प्रामाणिकपणे सांगितलेली असणार, तरी त्यात कारण काहीच नाही. हे सिम्युलेशन तुमच्या डेटाच्या आकारावर स्वतः चालवा आणि बघा, नुसत्या योगायोगाने निघतात त्यापेक्षा तुमच्याकडे जास्त स्टार आहेत का. डेनरेल आणि लिऊ यांनी 2012 मधे दाखवलं की यश यशालाच ओढून आणतं अशा क्षेत्रात अगदी टोकाचा परफॉर्मर सगळ्यात कुशल असेलच असं नाही, त्याच्या खालच्या फळीतले सरासरीने जास्त कुशल असू शकतात. म्हणून फक्त पहिल्या पाचांवर न थांबता ती दुसरी फळी सँपलमधे घ्याच.

मग बुडालेल्या कंपन्या. दुसऱ्या महायुद्धात संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांनी परत आलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणांवरून न परतलेल्या विमानांचा विचार केला, इथे पण तेच. मोठी जोखीम घेणाऱ्यांपैकी बरेच बुडतात आणि डेटाबेसमधून गायब होतात, उरलेले चमकतात, आणि आपण लिहून मोकळे होतो की जोखीम घेतली की यश मिळतं. उपाय म्हणजे यशाच्या टोकाकडून मागे न जाता एकाच वर्षी सुरू झालेल्या कंपन्या धरून पुढे जायचं. अमेरिकेतल्या कॉफमन फर्म सर्व्हेमधे 2004 ला सुरू झालेल्या 4,928 कंपन्या 2011 पर्यंत दरवर्षी विचारल्या गेल्या, मधेच बंद पडलेल्या कुठल्या तेही त्यात कळतं. असा डेटा नसेल तर प्रत्येक स्टारमागे त्याच वर्षीच्या, त्याच धंद्यातल्या, साधारण तेवढ्याच भांडवलाच्या दोन-तीन कंपन्या शोधा, बंद पडलेल्या धरून. त्यांचे संस्थापक बोलायला तयार होत नाहीत, धीर धरा, आणि 'का बुडालात' असं विचारूच नका, 'त्या वेळी समोर कुठले पर्याय होते' असं विचारा, मग माणूस मोकळा होतो.

मुलाखतीवर एकट्यावर भिस्त नको. निकाल कळल्यावर सगळ्यांची आठवण त्या निकालाप्रमाणे वळते, यशस्वी माणसाचा हट्ट 'जिद्द' होतो आणि बुडालेल्याचा तोच हट्ट 'हेकेखोरपणा'. त्या काळातले कागद मिळवा, गुंतवणूकदारांना दाखवलेली प्रेझेंटेशन, बोर्ड मीटिंगची मिनिट्स, जुने ईमेल. हे कागद वाचून मजकुराचं वर्गीकरण (कोडिंग) करणाऱ्यांना ते नावं आणि निकाल लपवून द्या.

अ‍ॅनालिसिसला साध्या रिग्रेशनसोबत क्वांटाइल रिग्रेशन लावा, मधल्या कंपन्यांना जे लागू पडतं ते वरच्या टोकाला पण पडतं का ते त्यात दिसतं. केसेस वीस-तीसच असतील तर क्यूसीए (क्वालिटेटिव्ह कंपॅरेटिव्ह अ‍ॅनालिसिस, कुठल्या गोष्टी एकत्र आल्या की निकाल येतो ते शोधायची पद्धत) बघा.

आणि एक, स्टार कोणाला म्हणायचं हे डेटा उघडायच्या आधी लिहून तारीख टाकून ठेवा: विक्री की नफा, किती वर्षं, कोणाच्या तुलनेत. शक्य असेल तर शेवटच्या तीन-चार वर्षांचे आकडे बाजूला ठेवा, आधीच्या वर्षांवरून स्टार निवडा आणि मग ती बाजूला ठेवलेली वर्षं उघडा. बरेचसे खाली सरासरीकडे आलेले दिसतील, जे टिकले त्यांच्या मुलाखती आधी घ्या.