भाकरी किती थापायच्या? भूमिगतांच्या घरात वाढलेल्यांच्या आठवणी अशा टिपा

१९४३ पासून नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली भूमिगतांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारावर (लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’) पुस्तकं आहेत, गावोगावी स्मारकं आहेत. पण पदरात पोर असताना भूमिगतांना जेवू घालणारी, त्यांच्या चिठ्ठ्या पोचवणारी आई, आजी, चुलती कागदात फारशी सापडत नाही. १९७२ साली सुरू झालेल्या केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शनला तुरुंगवासाचा, फरारी जाहीर झाल्याचा किंवा डोक्यावर इनाम असल्याचा दाखला लागे. मध्यरात्री चूल पेटवल्याचा दाखला कोण देणार? तो त्या घरातल्या पोराच्या डोक्यात असतो. १९४३ साली सहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीच्या घरात आहे. तेव्हा ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणू नका.

मुलाखतीला जाण्याआधी गावच्या शाळेत जनरल रजिस्टर बघायला मिळतं का विचारा. पालकाच्या रकान्यात वडिलांऐवजी मामा किंवा आजोबा दिसले, किंवा पोराचं नाव मधेच काढून दुसऱ्या गावच्या शाळेत घातलेलं दिसलं, तर तारीख टिपून ठेवा. त्या सुमारास घरात काय चाललं होतं हे विचारायला धागा मिळतो. जन्मतारीख १ जून असेल तर तिच्यावर विसंबू नका, ती बहुधा गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली असते. घर किंवा जमीन जप्त झाली होती असं कळलं, तर १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ८७ (फरारी जाहीरनामा) आणि ८८ (जप्ती) यांखालचे कागद पुराभिलेखागारात शोधा. गाव इंग्रजी मुलखात होतं की संस्थानात, हेही आधी बघा. प्रतिसरकारचं केंद्र असलेलं कुंडल औंध संस्थानात होतं. तिथले कागद सातारा जिल्ह्याच्या दप्तरात शोधत बसलात तर दिवस फुकट जातो.

रेकॉर्डिंगला सकाळचा चहा झाल्यावर बसा, तासाभराच्या वर ताणू नका. पंखा बंद, मोबाइल विमान मोडवर, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ठेवलं तर तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. पत्र्याच्या घरात पाऊस सुरू झाला तर थांबा, तो आवाज नंतर काढता येत नाही. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव तुम्हीच बोला. नातवंडं शेजारी बसली की ‘आजी, ते पत्री सरकारचं सांग की’ सुरू होतं, आणि आजी भाषणात ऐकलेलं सांगायला लागतात. नातवंडांना गोड बोलून बाहेर पाठवा.

खरी मेख प्रश्नांत आहे. ‘तुमच्या आईनं चळवळीत काय काम केलं?’ असं विचारलंत की ‘आई घरीच असायची’ एवढंच उत्तर येतं, कारण पोराला काही कळू न देणं हाच त्या कामाचा अर्धा भाग होता. म्हणून घरापासून सुरू करा. कोऱ्या कागदावर त्यांच्याकडूनच घराचा नकाशा काढून घ्या: सोपा, माजघर, माळा, कणग, गोठा, परसदार. मग विचारा: तुम्ही कुठं झोपायचा? कुठल्या खोलीत जायला मनाई होती? रोज भाकरी किती व्हायच्या, आणि जास्त कधी व्हायच्या? दळण कोण दळायचं, पीठ लवकर संपलं तर शेजारीण काय म्हणायची? कुत्रं कुणावर भुंकायचं नाही?

सगळ्यात जास्त हाती लागतं ते एका प्रश्नातून: ‘कुणी विचारलं तर काय सांगायचं, असं शिकवलं होतं?’ ‘मामा आलाय म्हणायचं’, ‘बा कामाला मुंबईला गेलाय म्हणायचं’ असली उत्तरं येतात. ते वाक्य जसंच्या तसं टिपा, कुणी आणि कसं शिकवलं तेही विचारा. दटावून, की खेळासारखं? इथं घाई केलीत तर सगळं हातचं जातं. दहा सेकंद गप्प बसा. उत्तर बहुतेक त्यानंतर येतं.

पोराला तारखा आठवत नाहीत, पिकं आठवतात. शाळू हुरड्यात होता म्हणजे डिसेंबर-जानेवारी. बेंदूर म्हणजे आषाढ. त्यावर माहीत असलेल्या घटना लावा: तासगावचा मोर्चा ३ सप्टेंबर १९४२, वडूजचा गोळीबार ९ सप्टेंबर १९४२, शेणोलीची रेल्वे लूट ७ जून १९४३, सांगलीचा तुरुंग फोडला तो २४ जुलै १९४३. पण तारीख तुम्ही तोंडात घालू नका. ‘शेणोलीच्या वेळी का?’ विचारलंत की ‘होय, तवाच’ येणारच. आधी सांगू द्या, मग ‘तुम्ही डोळ्यांनी बघितलं की कुणी सांगितलं?’ हे प्रत्येक मोठ्या प्रसंगाला विचारा. दोन्हीही टिपा, फक्त वेगवेगळं.

रागही येईल. नाना पाटलांच्या मुलीला, हौसाताईंना, आजीनं वाढवलं. घराला सील, जमीन जप्त. अशा पोरांचं बालपण अभिमानावर भागलेलं नसतं. ‘आईनं मला टाकून दिलं होतं’ असं कुणी म्हणालं तर समजूत घालत बसू नका, ‘मग जेवायला कोण घालायचं?’ एवढंच विचारा.

खबऱ्याचं नाव निघालं की जपा. त्याची नातवंडं चार घरं सोडून राहतात. तेवढा भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, किती वर्षं बंद ठेवायचा हे सांगणाऱ्याकडूनच लिहून घ्या. संमती सुरुवातीला एकदा आणि शेवटी पुन्हा घ्या. काय बोललो हे शेवटीच कळतं.

उतरवून काढायला तासाच्या ध्वनिफितीला पाच-सहा तास धरा. ‘व्हतं’, ‘न्हाय’, ‘तवा’ तसंच ठेवा, प्रमाण मराठीत घासूनपुसून घेऊ नका. मूळ फाइल व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलीत तर दर्जा उतरतो. तीन प्रती करा, एक त्या घरी द्या, आणि कागदावरच्या नकाशाचा फोटो तिच्यासोबत ठेवा. पंधरा दिवसांनी तोच नकाशा घेऊन परत जा. पहिल्या खेपेला रिकामी राहिलेली खोली बहुतेक तेव्हा भरते.