गेलेल्या ऑपरेटरच्या खात्यात अडकलेला लॅपटॉप

शेतकरी कंपनीचा ऑपरेटर नोकरी सोडून नागपूरला गेला, अन् तूर-सोयाबीन खरेदीच्या नोंदी त्याच्या स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्यामागे अडकल्या. अशा वेळी फॉरमॅटची घाई करू नका, नोंदी जातील.

१. दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉपची डिस्क काढून घ्या अन् दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरला लावा. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप असेल तर त्याच्या किल्लीचा ओळख क्रमांक, ‘की आयडी’, दिसतो. कुलूप नसेल तर थेट फाइली उतरवा.
२. ऑपरेटरला फोन करा. पगार बाकी असेल तर आधी तो चुकता करा. पासवर्ड मागू नका. त्याच्या खात्यातून त्याच आयडीची ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडणारा आकडा, तेवढी मागा.
३. की टाकून फाइली उतरवून घ्या, उघडून तपासा.
४. डिस्क परत बसवा, पेनड्राइव्हवरून विंडोज नव्यानं टाका. खातं या वेळी कंपनीच्याच ईमेलवर उघडा.