साइटवर माहिती आहे पण सापडत नाही? मग रंग नको, मेनू बदला

कोकणातल्या होमस्टे आणि पर्यटनाच्या साइट बघितल्या तर माहिती भरपूर असते, फोटोंचं तर विचारूच नका, आणि तरी पाहुणा फोन करून विचारतोच, "किल्ल्यात जायची होडी चालू आहे का?" मग मालक नवीन थीम टाकतात, रंग बदलतात, पैसे जातात आणि फोन तेवढेच येतात. खरं तर बदलायचा असतो मेनू, पानांची नावं, आणि कुठलं पान कशाखाली जातं ते. मालवण-तारकर्ली डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, पण आंबा विकणाऱ्या साइटलाही हेच लागू.

सुरुवात व्हॉट्सअॅपपासून करा. गेल्या सीझनला लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत एका शीटमध्ये उतरवून काढा, भाषा अजिबात सुधारू नका. "मालवण स्टेशनवरून रिक्षा किती घेईल?" हा प्रश्न हमखास सापडेल. मालवणला रेल्वे स्टेशनच नाही, कुडाळ, सिंधुदुर्गनगरी नाहीतर कणकवलीला उतरायचं, हे आपल्याला पाठ आहे पण पुण्याच्या माणसाला नाही, तो सर्चमध्ये 'मालवण स्टेशन'च टाकणार आणि आपल्या पानावर नुसतं 'कुडाळ' असेल तर त्याच्या हाती काहीच लागणार नाही. म्हणून पानाचं नाव 'मालवणला कसं यायचं' आणि पहिलीच ओळ 'मालवणला रेल्वे स्टेशन नाही, कुडाळला उतरा'. एवढ्या एका ओळीने किती फोन वाचतात बघा.

सोबत गूगल सर्च कन्सोल उघडा, म्हणजे लोक गूगलवर काय शोधून आपल्या साइटवर आले ते दाखवणारं गूगलचं साधन, त्यात मागचे १६ महिने दिसतात, हे आपल्यासाठी फार कामाचं आहे, कारण आपल्याकडे मे महिना आणि जुलै यांची तुलनाच होत नाही, मे ची तुलना मागच्या मे शीच करायची. लोक काय टाइप करून आले ते शब्द शीटमध्ये टाका.

मग साइटवरच्या प्रत्येक पानाची यादी करा: पानाचा पत्ता (URL), नाव, शेवटचं कधी बदललं, कोण बदलतं, ठेवायचं की दुसऱ्यात मिसळायचं की काढायचं. कंटाळवाणं काम आहे पण टाळू नका, खरी गंमत इथेच कळते. होडीची वेळ कुठे असते? 'आमच्याविषयी', त्यात 'परिसर', त्यात 'किल्ले', आणि तिथे एक पीडीएफ, जी मोबाइलवर बोटांनी मोठी करून वाचावी लागते. ज्या प्रश्नासाठी सगळ्यात जास्त फोन येतात त्याचंच उत्तर सगळ्यात खोल गाडलेलं.

आता चिठ्ठ्या. ३०-४० विषय एकेका कागदावर लिहा, लोकांना पसरून द्या आणि सांगा, तुम्हाला पटतील तसे गठ्ठे करा, गठ्ठ्यांना नावंही तुम्हीच द्या. याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या यातले तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी यासाठी साधारण १५ माणसं सुचवलीत. तेवढी एकदम मिळणार नाहीत, पण आलेल्या पाहुण्यांना चहा घेताना बसवा. घरच्यांना नको, गाववाल्यांनाही नको, त्यांना सगळं आधीच माहीत असतं. गठ्ठ्यांपेक्षा ते करताना लोक करतात ती बडबड महत्त्वाची, ती लिहून घ्या. कुणकेश्वरची चिठ्ठी हातात घेऊन माणूस थांबतो, देवळात टाकू की बीचवर, कारण देऊळ अगदी समुद्राला लागूनच आहे. असं झालं की पान एकच ठेवा आणि लिंक दोन्हीकडून द्या, तीच माहिती दोन पानांवर लिहिलीत तर एक पान जुनं राहणारच.

मेनूत 'सेवा', 'अनुभव', 'इतर' हे शब्द नकोतच, आत काय आहे ते कुणालाच कळत नाही. 'राहायला', 'जेवण', 'समुद्र आणि होडी', 'कसं यायचं' असं सरळ लिहा. आणि माझं ठाम मत, कोकणातल्या साइटला 'पावसाळ्यात काय चालू, काय बंद' हे पान वरच्या मेनूत हवंच. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि स्नॉर्कलिंग बंद, यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी म्हणून ताज्या मासळीवर परिणाम, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं, हे सगळं पाच पानांवर विखुरलेलं असतं आणि पाहुण्याला एकाच वेळी लागतं. या पानाच्या पत्त्यात (URL मध्ये) वर्ष टाकू नका, दरवर्षी तेच पान बदला आणि वर तारीख लिहा.

डिझाइनरकडे जायच्या आधी नुसता अक्षरांतला मेनू पाच-सहा जणांना दाखवा. "आईबाबांना उद्या किल्ला दाखवायचाय, जाता येईल का ते कुठे बघाल?" असं विचारा, प्रश्नात मेनूतला शब्द येऊ देऊ नका, आणि ते चुकले तरी मदत करू नका. पहिलं बोट कुठे जातं ते बघा. तीन क्लिकमध्ये सगळं सापडलं पाहिजे हा नियम डोक्यातून काढून टाका, चार क्लिक झाले तरी माणूस चिडत नाही, दोनच क्लिक असून पुढे काय येणार याचा अंदाज लागत नसेल तर मात्र निघून जातो.

जुने पत्ते तोडू नका. प्रत्येक जुन्या पानावरून त्याच विषयाच्या नव्या पानावर ३०१ रिडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडला की माणूस आपोआप नव्या पानावर जातो, सगळे सरसकट होमपेजवर ढकलू नका, आणि निदान वर्षभर ठेवा, गूगलही तेवढंच सांगतं. रिसेप्शनवर चिकटवलेला क्यूआर आणि गूगल मॅपवरची लिंकही तपासा.

हे सगळं जूनमध्ये हातात घ्या, तेव्हा पाहुणे कमी आणि वेळ असतो. गणपतीच्या आधी लाइव्ह करा, म्हणजे चाकरमानी येतील तेव्हा काय सापडत नाही ते कळेल आणि दिवाळीच्या गर्दीआधी दुरुस्त करायला हातात वेळ राहील.