घरातल्या थोरांच्या आठवणी उतरवून घेताना

"आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग ना काहीतरी," म्हणत मोबाइल समोर धरला की बहुतेक घरांत एकच उत्तर येतं, "काय सांगायचं, गेलं तसंच." विषय तिथेच मिटतो. यात चूक प्रश्नाची असते. ऐंशी वर्षांना असा एकदम हात घालता येत नाही, धरायला काहीतरी लागतं.

धरायला सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे भांडी. माळ्यावरचं पितळेचं पातेलं, घागर, स्टीलचा डबा खाली काढा आणि काठाखाली कोरलेलं वाचा. जुन्या भांड्यांवर ज्यांनी दिलं त्यांचं नाव, प्रसंग आणि पुष्कळदा तारीखही असते. "चि. सौ. कां." पुढे मुलीचं नाव, मग ते मामांकडून की आत्याकडून. घासून घासून अक्षरं पुसट झाली असतील तर वर कोरडं पीठ चोळा आणि हलक्या हाताने पुसून घ्या. खाचांत पीठ राहतं आणि नाव उमटतं. लग्नात नाव बदललेल्या कितीतरी बायकांना माहेरच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नसतं. भांड्यावरचं ते नाव मोठ्याने वाचा आणि गप्प बसा. पुढचा अर्धा तास तुम्हाला फारसं विचारावं लागणार नाही.

विचारायचंच असेल तर हाताने केलेल्या कामांचं विचारा. चूल कुठल्या बाजूला होती? पाण्याच्या किती खेपा व्हायच्या, वाटेत चढ होता का? पहिला पगार कुणाच्या हातात दिला? "तेव्हा कसं वाटलं?" हा प्रश्न सुरुवातीला टाळा. त्याला "काय वाटायचंय" एवढंच उत्तर मिळतं. खेपा मोजता मोजता मात्र वाटणं आपोआप बाहेर येतं.

बैठक आणि रेकॉर्डिंग

फोनमधला साधा रेकॉर्डर पुरतो. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर नेमक्या वेळी कुणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. टेबलावर नुसता ठेवू नका. खाली टॉवेलची घडी घाला, कारण टेबलावर कप ठेवला तरी त्याचा धक्का माइकमध्ये उतरतो. तोंडापासून अंतर एक ते दीड वीत. पंखा बंद करा. कानाला न जाणवणारी त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये शब्द खाऊन टाकते. कुकर लावायची वेळ सोडून बसा. ऐकू कमी येत असेल तर चांगल्या कानाच्या बाजूला बसा, समोर नव्हे.

चाळीस मिनिटं पुरेत, तासाच्या वर कधीच जाऊ नका. आठवड्यातून दोनदा, सकाळचा चहा-नाश्ता झाल्यावर. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव तुमच्या आवाजात नोंदवा. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, मग पुढे विषय. तसं केलं तरच फाइली आपोआप ओळीने लागतात. १२८ केबीपीएसवर एका तासाला साठ एमबीच्या आत जागा लागते, म्हणजे जागा वाचवण्यासाठी आवाजाचा दर्जा उतरवायचं काही कारण नाही. त्याच दिवशी फाइल दुसऱ्या दोन ठिकाणी ठेवा. फोन पडतो, हरवतो, आणि तो आवाज परत मिळत नाही.

सालं कशी लावायची

थोरांना साल आठवत नाही, पण त्या वर्षी काय झालं ते पक्कं आठवतं. म्हणून एका कागदावर खुंट्या लिहून जवळ ठेवा. नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७. पुण्याकडच्यांना पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. गोव्यातल्यांना मुक्तीचा दिवस, १९ डिसेंबर १९६१. साताऱ्या-कोकणाकडे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. १९७२चा दुष्काळ आणि कामावर मिळणारी सुकडी. गिरणगावात १८ जानेवारी १९८२, संपाचा पहिला दिवस. लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. "थोरला तेव्हा रांगत होता की चालत होता?" एवढं विचारलं की साल सहा महिन्यांच्या आत येतं.

आणखी एक खुंटी घरातच असते. "कुठल्या वर्षी आपल्याकडे गणपती बसला नाही?" असं विचारा. सुतकाची वर्षं कुणी विसरत नाही. पण हा प्रश्न तारखेसाठी विचारला तरी उत्तरात एक मृत्यू येतो, तेव्हा बैठकीच्या शेवटच्या दहा मिनिटांत तो काढू नका.

दुखरी जागा आली की

गेलेलं मूल, दारू, सासुरवास, कर्ज, भावकीने बळकावलेली जमीन. हे येणारच. ते आलं की तुम्ही करायचं काम फार थोडं आहे: रेकॉर्डर चालू राहू द्यायचा का ते एका वाक्यात विचारायचं, पाण्याचा तांब्या जवळ सरकवायचा आणि शांतता मोडायची नाही. मनात वीसपर्यंत मोजा. बहुतेकजण पाचाला बोलतात आणि तिथेच चुकतात, कारण खरं वाक्य बाराव्या-पंधराव्या आकड्याला येतं.

"जाऊ दे आता, नको आठवू" हे प्रेमापोटी म्हटलं जातं, पण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ "आम्हाला ऐकायचं नाही" असाच लागतो. रडू आलं म्हणून बैठक थांबवायची गरज नसते. थांबायचं ते श्वास लागला, हात कापायला लागले, किंवा तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा येऊ लागलं तर. मग हलकेच आजच्या दिवसावर आणा: संध्याकाळी भाजी कुठली करायची, खिडकीबाहेर काय दिसतंय. अशा बोलण्यानंतर उठून निघून जाऊ नका, निदान तासभर घरात राहा. पुढचे काही दिवस झोप उडाली, जेवण तुटलं, किंवा "आता जगून काय करायचं" असं बोलणं निघालं तर आठवणी बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

स्मृतिभ्रंश असेल तर चुका दुरुस्त करू नका. गेलेला भाऊ त्यांच्या बोलण्यात जिवंत असेल तर तो कसा आहे तेच विचारा.

क्षमेचे शब्द नीट ऐका

आयुष्य लिहून काढताना शेवटी सगळं गोड व्हावं असं लिहिणाऱ्याला वाटतं आणि तो विचारतो, "मग तू त्यांना माफ केलंस ना?" हा प्रश्न विचारू नका. लेकराने असं विचारलं की आई "हो" म्हणते, तुमच्यासाठी म्हणते, आणि ते "हो" कायमचं कागदावर जातं.

आपल्याकडे "मी माफ केलं" असं फारसं कुणी म्हणतही नाही. म्हणतात ते वेगळंच, आणि त्यातला प्रत्येक शब्द निराळा आहे. "पोटात घातलं" म्हणजे चूक कळली होती, मोठेपणाने झाकली. "गिळलं" म्हणजे झाकण्यावाचून उपाय नव्हता. "सोडून दिलं" यात थकवा असतो. "झालं गेलं गंगेला मिळालं" हे बहुधा समोरच्याच्या उपस्थितीत, समेटाच्या वेळी म्हटलेलं असतं, तेव्हा कोण कोण हजर होतं ते विचारून घ्या. आणि "देव बघून घेईल" ही क्षमा नव्हेच. तो हिशेब अजून उघडा आहे, फक्त दुसऱ्याच्या हाती दिलाय. लिहिताना या सगळ्यांचं "क्षमा केली" करून टाकलं तर त्या माणसाचं आयुष्यच बदलून लिहिल्यासारखं होईल. जो शब्द आला तोच ठेवा.

माफ झालंय की नाही हे वागण्यातून कळतं, म्हणून वागण्याचं विचारा. त्यांच्या घरचं पाणी परत कधी प्यायलात? लग्नाची पत्रिका गेली का, आहेर घेतला की परत पाठवला? शेवटच्या आजारात भेटायला कोण गेलं? एकीकडे "मी त्यांचं तोंड पाहिलं नाही" आणि दुसरीकडे "पण दहाव्याला गेले होते" अशी दोन वाक्यं आली तर दोन्ही लिहा. त्यांचा मेळ घालायला जाऊ नका.

उलट बाजूही येते, म्हणजे त्यांच्या हातून कुणाचं वाईट झालं ते. ती बोलायला जास्त अवघड असते आणि अर्धवट वाक्यात येते: "मीही काही कमी नव्हते." इथे "नाही गं, तू कशाला" म्हणून दार लावू नका. "कुणाशी?" एवढंच विचारा. ज्याचं वाईट झालं तो हयात असेल आणि भेटायची इच्छा दिसली, तर त्यांनीच फोन करावा. तुम्ही मध्यस्थी करायची नाही, फक्त नंबर लावून द्यायचा.

देवाबद्दल विचारायचं कसं

"देवावर विश्वास आहे का?" याला "आहे की" यापलीकडे काही मिळत नाही. देवघरासमोर बसा आणि एकेक टाक, मूर्ती, तसबीर दाखवून विचारा, ही कुठून आली, कुणी आणली. कुठला नवस बोलला होता? फेडला का? नवस बोलूनही माणूस गेला, त्यानंतर दिवा लावणं बंद पडलं का, आणि परत कधी सुरू झालं? श्रद्धेचा खरा इतिहास अशा पडलेल्या खंडात असतो. ज्या घरांत १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या दीक्षेनंतर देव्हाऱ्यातले देव उतरवले गेले, तिथे ते कुणी उतरवले, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी काय म्हटलं, हे जरूर विचारा. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर म्हणायला लावा. बसून आठवत नाहीत, हात गोल फिरवला की आठवतात.

कागदावर उतरवताना

एका तासाचं बोलणं लिहायला चार ते सहा तास लागतात. फोनच्या बोलून-टाइप सोयीने थोडं सोपं होतं, पण ती बोलीतले शब्द प्रमाण मराठीत ढकलते, म्हणून प्रत्येक ओळ ऐकत तपासा. "व्हतं", "गेल्ती", "आमी" तसंच राहू द्या. भावंडांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवा.

मग लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवा. जिथे हात वर होईल ते पान बाजूला काढा, कारण विचारू नका. हयात माणसाबद्दलचे कडवट प्रसंग वेगळ्या पाकिटात, ते कुणी आणि कधी उघडायचं हे त्यांच्याच अक्षरात किंवा अंगठ्यासह वर लिहून. वाटणी, जमीन, दागिने यांचे आकडे या वहीत नकोतच. आठवणींचा कागद भांडणात पुरावा म्हणून फिरू लागला की पुन्हा कुणी बोलायला बसत नाही.

छापायचं तर ए-फाइव्ह आकार, चौदा पॉइंटच्या खाली अक्षर नको, कारण पहिला वाचक चष्म्याचा आहे. आणि बाइंडिंगवाल्याला शेवटी दहा-बारा कोरी पानं घालायला सांगा. वही हातात पडल्यावर "अगं, हे तर राहिलंच" म्हणून ज्या गोष्टी निघतात, त्या तिथे लिहायच्या.