आधी पॉवर, मग पिक्चर: सिनेमा कॅमेऱ्याला मॉनिटर जोडण्याची तयारी

मॉनिटर निवडताना पहिला प्रश्न असा की त्यात बघणार कोण. ऑपरेटरला कॅमेऱ्यावर पाच इंची पुरतो, गिंबलवर (कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या हँडलवर) तर त्याहून जड काही नकोच. फोकस पुलरला (फोकस सांभाळणाऱ्याला) सात इंच लागतात, कारण पीकिंगची (फोकसमधल्या कडांवर उमटणारी) बारीक रेघ पाच इंचावर डोळ्याला दिसेपर्यंत माणूस चालून पुढे गेलेला असतो. दिग्दर्शकाचा मॉनिटर मोठा असतो, लांब असतो आणि बहुतेक वेळा भिंतीतल्या प्लगवर चालतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

शूट बाहेर असेल तर १००० निट्सच्या (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) खाली बघूच नका. थेट ऊन पडणार असेल तर २००० च्या आसपास जा, आणि तरीही हूड सोबत घ्या. मात्र तोच मॉनिटर अंधाऱ्या सेटवर फुल ब्राइटनेसला ठेवला की चित्र उगाच उजळ दिसतं आणि कोणीतरी अ‍ॅपर्चर बंद करतं. एरवीच्या रेक ७०९ च्या (एचडी टीव्हीच्या रंगांच्या मानकाच्या) ग्रेडिंगला मॉनिटर १०० निट्सला लावलेला असतो, त्यापुढे हजार म्हणजे फारच झालं. म्हणून नुसत्या डोळ्यावर विसंबू नका: वेव्हफॉर्म (उजेडाचा आलेख) आणि फॉल्स कलर (उजेडाच्या पातळीप्रमाणे वेगळे रंग दाखवणारी सोय) नसलेला मॉनिटर कितीही सुंदर दिसला तरी कॅमेऱ्यावर घेऊ नये. अ‍ॅनामॉर्फिक लेन्स असतील तर डी-स्क्वीझ (दाबलेलं चित्र परत रुंद करून दाखवणं) आहे का, आणि तुमच्या लेन्सच्या पटीत आहे का, हे आधी बघून ठेवा. २ पट सगळीकडे मिळतं, १.८ किंवा १.५ हवं असेल तर मेन्यू उघडूनच खात्री करा.

यानंतर सिग्नल. कॅमेऱ्यावर एसडीआय (व्यावसायिक व्हिडिओची केबल-जोडणी) असेल तर एसडीआयच वापरा. त्याचा बीएनसी प्लग लॉक होतो, एचडीएमआय होत नाही. फक्त एचडीएमआय असेल तर केजवर (कॅमेऱ्याभोवतीच्या चौकटीवर) केबल क्लॅम्प लावल्याशिवाय कॅमेरा उचलू नका, विशेषतः मायक्रो एचडीएमआय असेल तर. एसडीआयमध्ये मॉनिटरवर लिहिलेला आकडा वाचा. ३जी इनपुटचा मॉनिटर १०८०पी ६० फ्रेम्सपर्यंत घेतो. कॅमेरा १२जीवर ४के ६०पी सोडत असेल तर अशा मॉनिटरवर काहीच दिसणार नाही, आणि दोष केबलला दिला जाईल. सात इंचाच्या पॅनेलवर ४के पाठवून काही साधत नाही. कॅमेऱ्याचं मॉनिटर आउट १०८०पीवर ठेवा. सिग्नल हलका राहतो आणि केबलचे नखरेही कमी होतात. केबल ७५ ओहमचीच हवी. ५० ओहमची बीएनसी केबल दिसायला तशीच असते, प्लगही बसतो, आणि चित्रात मधूनच चमक मारायला लागते.

लट (LUT, म्हणजे लॉग या फिक्या रेकॉर्डिंगला नेहमीचे रंग देणारा तक्ता) कुठे लागणार हे कागदावर लिहून ठेवा: कॅमेऱ्यात की मॉनिटरमध्ये. दोन्हीकडे लागली की सावल्या काळ्या ठिक्कर होतात, चेहरे भाजल्यासारखे दिसतात आणि सगळा सेट लाइट वाढवायला धावतो. फॉल्स कलर लॉगवर वाचताय की ७०९ वर, हेही त्याच कागदावर लिहा. सोनीच्या एस-लॉग३ मध्ये १८ टक्के ग्रे ४१ टक्क्यांवर बसतो, कॅननच्या सी-लॉग३ मध्ये ३४ च्या आसपास. दोन वेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकाच शूटवर असतील तर मॉनिटरच्या पाठीवर टेपचा तुकडा चिकटवून हा आकडा मार्करने लिहिलेला बरा.

आता पॉवर. आदल्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मॉनिटरच्या लेबलवर इनपुटची रेंज लिहिलेली असते. १४.४ व्होल्टची व्ही-माउंट बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर १६.८ व्होल्ट देते, म्हणजे लेबलवर १२ व्होल्टच लिहिलं असेल तर ती बॅटरी थेट लावायची नाही. २४ व्होल्टचे कॅमेरे आणि बी-माउंट बॅटऱ्या आता सर्रास दिसतात. तिथल्या अ‍ॅक्सेसरी आउटवर मॉनिटर लावण्याआधी त्याची वरची मर्यादा बघा. मग वॅटची बेरीज करा. समजा कॅमेरा ६० वॅट, मॉनिटर २५, वायरलेस ट्रान्समीटर १०. झाले ९५. ९८ वॅट-अवरची बॅटरी यावर जेमतेम तास काढते, आणि तीही नवी असेल तर. डी-टॅपमधून (बॅटरीवरच्या किंवा प्लेटवरच्या पॉवर सॉकेटमधून) किती अँपिअर घेता येतात ते बॅटरीच्या किंवा प्लेटच्या माहितीत बघा. तीन फाटे फुटलेल्या स्प्लिटरवर सगळं टांगू नका.

प्रत्येक पॉवर केबल मीटरने तपासा. प्लस कुठे, मायनस कुठे, बस्स, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दोन पिनांचे लेमो प्लग दिसायला एकसारखे असतात, आतली जोडणी प्रत्येक कंपनीची एकसारखी असेलच असं नाही. स्वस्तातला मऊ प्लॅस्टिकचा डी-टॅप जोर लावला की उलटाही घुसतो. गोल पिनेच्या डीसी प्लगमध्ये २.१ आणि २.५ मिलिमीटर असे दोन प्रकार चालतात. २.५ चा प्लग २.१ च्या सॉकेटमध्ये जातो, पण सैल बसतो. टेबलावर चालेल, खांद्यावर घेतला की मॉनिटर चालू-बंद होईल.

हा सैलपणा किरकोळ वाटतो, पण एसडीआय पोर्ट जळण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. कॅमेरा आणि मॉनिटर एकाच बॅटरीवर आहेत असं धरा. मॉनिटरने घेतलेला करंट पॉवर केबलच्या मायनसमधूनच बॅटरीकडे परत जायला हवा. तो मायनस सैल असेल, तुटलेला असेल किंवा प्लग घालताना प्लस आधी टेकला, तर करंट दुसरी वाट शोधतो, आणि समोर एसडीआय केबल जोडलेलीच असते. शील्डमधून गेला तर कधी निभावतं. बीएनसी घालताना मधली पिन शील्डच्या आधी टेकली, तर तोच करंट सिग्नलच्या चिपमधून जातो. ती चिप जेमतेम ०.८ व्होल्टाच्या सिग्नलसाठी बनवलेली असते. कित्येक कॅमेऱ्यांत ती मुख्य बोर्डावरच बसवलेली असल्याने दुरुस्तीचं बिल मॉनिटरच्या किमतीला मागे टाकू शकतं. गंमत म्हणजे कॅमेरा रेकॉर्डिंग नीट करत राहतो, फक्त आउटपुट मरतं, त्यामुळे अर्धा तास केबली बदलण्यात जातो. एरी आणि रेड, दोघांनीही आपल्या वापरकर्त्यांना याबद्दल सावध केलं आहे.

म्हणून जोडण्याचा क्रम ठरलेला ठेवा आणि तो कॅमेरा अटेंडंटपासून डीओपीपर्यंत (छायाचित्रण दिग्दर्शकापर्यंत) सगळ्यांना माहीत असू दे. मॉनिटर बंद. आधी पॉवर केबल, मॉनिटरकडून आणि बॅटरीकडून पूर्ण बसलेली. मग बीएनसी: आत ढकला, पाव वळसा फिरवा, खट्ट लागलेलं बोटाला कळायला हवं, आणि हलकं ओढून बघा. नुसता ढकललेला बीएनसीही चित्र देतो, तेवढ्यावर फसू नका. मग मॉनिटर चालू करा. काढताना उलट: मॉनिटर बंद, आधी बीएनसी, शेवटी पॉवर. शॉट संपल्यावर घाईत कोणीतरी डी-टॅप उपटतो आणि एसडीआय तशीच लटकत राहते, त्या हातावर लक्ष ठेवा. शील्ड नीट असलेली, धड केबल वापरा. अगदी बारीक, मऊ केबल गिंबलवर सोयीची असली तरी तिचा शील्डही बारीकच असतो.

मॉनिटर त्याच्या स्वतःच्या एनपी-एफ (सोनी पद्धतीच्या छोट्या) बॅटरीवर चालवला तर हा धोका खूपच कमी होतो, कारण पॉवरच्या वाटेने दोघं जोडलेलेच नसतात. वजन थोडं वाढतं, बॅटऱ्या मोजाव्या लागतात. तरी भाड्याने आणलेल्या कॅमेऱ्यावर मी हाच मार्ग घेईन.

दिग्दर्शकाच्या मॉनिटरचं मात्र वेगळं असतं. दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर असलेल्या मॉनिटरच्या बीएनसीच्या कडेला बोट लावलं तर कधी कधी बारीक झिणझिण्या येतात. अर्थिंग नसल्याने त्या धातूवर गळतीचा व्होल्टेज बसलेला असतो, आणि लांब केबलने तो थेट कॅमेऱ्यात पोचतो. इथे वायरलेस वापरा, नाहीतर मध्ये एसडीआय आयसोलेटर (दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवणारी डबी) टाका, किंवा तो मॉनिटरही बॅटरीवर घ्या. जनरेटर आणि लोकेशनची लाइन असे दोन सोर्स सेटवर असतील तर ही काळजी टाळून चालणारच नाही.

माउंटिंगला फार वेळ नको. पाव इंची स्क्रूवर मॉनिटर फिरतो, तर लोकेटिंग पिन असलेला माउंट शोधा. केबलला दोन्ही टोकांशी थोडी ढील ठेवा, बीएनसीच्या मानेशी काटकोनात मोडू नका.

शेवटी सगळं लावून दहा मिनिटं तसंच चालू ठेवा, कॅमेरा हलवा, केबली हलवा, चित्र तुटतंय का बघा. कलर बार टाकून रंग आणि लेव्हल तपासा. काळा भाग राखाडी दिसत असेल तर फुल आणि लीगल रेंजची (काळ्या-पांढऱ्याच्या दोन वेगळ्या मर्यादांची) गल्लत आहे का ते आधी बघा. हलवल्यावर चमक मारणारी केबल सापडली तर कात्रीने मधोमध कापून टाका, नाहीतर कोणीतरी ती गुंडाळून परत त्याच बॅगेत ठेवतो.