इंग्रजीची वही तपासताना: आधी शेरा, मग गुण

सहावी ते आठवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाने पहिली सवय ही लावून घ्यावी की, मुलाच्या पहिल्या मसुद्यावर गुण लिहायचे नाहीत. इंदूरच्या मराठी घरातले मूल घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलते. त्याचे इंग्रजी वाक्य चुकते ते पुष्कळदा निष्काळजीपणामुळे नव्हे, तर दुसऱ्या भाषेचा नियम त्याने इमानाने पाळलेला असतो म्हणून. ‘दहापैकी चार’ या आकड्यातून त्याला यातले काहीच कळत नाही.

रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या इस्रायलमधील अभ्यासात काही मुलांना नुसते शेरे, काहींना नुसते गुण आणि काहींना दोन्ही दिले होते. नुसते शेरे मिळालेल्या मुलांचे काम सुधारले. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा तसा लाभ झाला नाही. याचे कारण कोणत्याही वर्गात दिसते. मूल कॉपी उघडते (आमच्याकडे वहीला कॉपीच म्हणतात), आकडा पाहते, शेजाऱ्याला त्याचा आकडा विचारते आणि कॉपी मिटते. मी कित्येक वर्षे लाल शाईने भरलेली पाने अशी मिटताना पाहिली, तेव्हा कुठे पद्धत बदलली.

लेखनासाठी विषय असा द्यावा की जो गाइडमध्ये सापडणार नाही. ‘माझा आवडता मित्र’ दिल्यास चाळीस वह्यांत एकच मित्र भेटतो. रंगपंचमीला राजवाड्याच्या भागात निघणारी गेर (रंग उधळणारी मिरवणूक) किंवा हिवाळ्यात सराफ्याच्या खाऊबाजारात खाल्लेला गराडू (तळलेला कंद) दिल्यास मुलाला स्वतःचे वाक्य जुळवावेच लागते. गराडूला इंग्रजी शब्द शोधण्याचा हट्ट धरू नये, तो इंग्रजी वाक्यातही गराडूच राहू द्यावा.

तपासताना चूक दुरुस्त करून देऊ नये. ज्या ओळीत चूक असेल तिच्या समोर समासात टिंब द्यावे, दोन चुका असल्यास दोन टिंबे, आणि शोधण्याचे काम मुलावर सोपवावे. सातवीतील एका मुलीने ‘वी डिस्कस्ड अबाउट द गेर’ असे लिहिले होते. टिंब पाहून ती स्पेलिंगच तपासत बसली. ‘आपण मराठीत कशाविषयी चर्चा करतो ना, तो विषयी इथे कुठे आला?’ एवढे विचारताच तिने ‘अबाउट’ खोडले, आणि पानभर पुढे ‘मॅरिड विथ’ दिसल्यावर तिथला मराठीतला (‘कोणाशी लग्न’मधला) ‘शी’ही तिचा तिनेच ओळखला. ‘ए’ आणि ‘द’ गळण्याची चूक मात्र जवळजवळ प्रत्येकाची असते, कारण मराठीत आणि हिंदीत तशी उपपदेच नाहीत. तिच्यासाठी वेगळा पंधरवडा राखून ठेवावा आणि तोवर तिच्यावर टिंब देऊ नये.

पंचेचाळीस वह्यांना प्रत्येकी चार मिनिटे दिली तरी तीन तास होतात, म्हणून रोज पंधराच वह्या घ्याव्यात. शेरा दोन वाक्यांचा पुरे: एकात काय जमले ते नेमके सांगावे, दुसऱ्यात पुढच्या मसुद्यात काय करायचे ते. ‘छान’ आणि ‘प्रयत्न कर’ हे शेरे नव्हेत.

गुण दुसऱ्या मसुद्याला द्यावेत आणि त्यांची वाटणी लिहायला बसण्यापूर्वीच फळ्यावर मांडावी. मी दहापैकी चार आशयाला, तीन वाक्यरचनेला, दोन शब्दनिवडीला आणि एक स्पेलिंगला ठेवते. अक्षर, वही उशिरा देणे किंवा वर्गातील गडबड यांसाठी गुण कापू नयेत. त्या तक्रारींना डायरी आहे. नाव झाकून तपासावे, आणि पहिल्या पाच वह्या शेवटी पुन्हा पाहाव्यात, कारण सकाळचा हात आणि रात्री दहाचा हात सारखा पडत नाही.

मध्य प्रदेश राज्य मंडळाच्या शाळांत आठवीची परीक्षा बोर्डाच्या धर्तीवर होत असल्यामुळे त्या वर्गाला वेळ लावून, एकाच मसुद्यात लिहिण्याचा सराव वेगळा द्यावा लागतो. तो दिवाळीनंतर सुरू केला तरी चालतो.

पालकसभेत ‘बाई, किती मिळाले?’ हाच प्रश्न आधी येतो. तेव्हा आकडा सांगण्याआधी दोन्ही मसुदे शेजारी ठेवावेत आणि खोडलेला ‘अबाउट’ मुलीलाच आईला समजावून सांगू द्यावा.